गोळी (वृषण) खाली उतरली नाही म्हणून ऑपरेशन: तुमचे अनुभव लिहा

माझा मुलगा 11 महिन्यांचा. उजवी गोळी पिशवीत उतरलीच नाही, जांघेत हाताला लागते. मंगळवारी ऑपरेशन. घरात दोन तट पडलेत, आई म्हणते, "तुझ्या काकाची उशिराच उतरली होती." ज्यांच्याकडे झालंय त्यांनी लिहा. नावाशिवाय लिहिलंत तरी चालेल.

*

आमचा 33व्या आठवड्यातच जन्मलेला, दोन्ही वर. डॉक्टर म्हणाले, वय ड्यू डेटपासून मोजा आणि सहा महिने वाट बघा, त्यानंतर आपोआप उतरायची आशा फारशी नसते. डावी चौथ्या महिन्यात आली, उजवी हलेना. 13व्या महिन्यात ऑर्किडोपेक्सी, म्हणजे गोळी पिशवीत आणून बसवायचं ऑपरेशन, केली. जांघेत एक छोटी चीर, पिशवीवर एक. सोबत हर्निया निघाला, तोही त्याच चिरेतून बांधला.

खरं ऑपरेशन म्हणजे उपाशी ठेवणं! अंगावरचं दूध चार तास आधी बंद. माझा वास आला की रडायचा, म्हणून सासऱ्यांच्या खांद्यावर दिला. त्यांनी वॉर्डातले पंखे दाखवत तास काढला. संध्याकाळी घरी. तिसऱ्या दिवशी तो रांगत होता, डायपर बदलताना हात माझाच आखडत होता.

*

आमची गंमतच. सोनोग्राफीत 'जांघेत आहे' असं आलं आणि धसका घेतला. सर्जननी हात गरम केले, गोळी अलगद खाली आणली. सोडली तरी तिथेच राहिली. थंडीने वर पळणारी निघाली. ऑपरेशन नाही. पण अशी एखादी पुढे वरच अडकते, म्हणून दरवर्षी दाखवतो. अंघोळीच्या गरम पाण्यात बघत जा.

*

माझं स्वतःचं. लहानपणी कोणी बघितलंच नाही, 22व्या वर्षी भरतीच्या मेडिकलला कळलं. दुर्बिणीतून पाहिलं तर पोटात, सुकलेली. काढूनच टाकली. पोटातल्या उष्णतेत ती नीट वाढत नाही, पुढे कॅन्सरचा धोकाही वाढतो, हे तेव्हा समजलं. एकीवर दोन मुलं झाली, तेव्हा त्याची धास्ती नको. आईला मात्र अजून सांगितलेलं नाही.

*

धागा काढणारा मीच. काल झालं, गोळी खाली बसवली. दोन आठवडे कडेवर पाय फाकवून घ्यायचं नाही म्हणालेत. आई त्याला आडवा धरून घरभर फिरतेय, बारशाच्या बाळासारखा. तो वैतागलाय.