पैसे परत आले म्हणून विषय सोडू नका
ऑनलाइन साइटवर 'स्टॉक संपला' म्हणत विक्रेत्याने एकाची चॅरिझार्डच्या पोकेमॉन कार्डाची ऑर्डर रद्द केली, पण पैसे परत आलेत तर सोडून द्या, असं त्याला कुणी सुचवलंय. मला नाही पटत. माझ्याही बाबतीत हेच झालं. डाव्या कोपऱ्यावर बारीक पांढरी घडी असलेलं तेच कार्ड दोन दिवसांनी दीडपट भावाने पुन्हा विक्रीला! फार जिव्हारी लागलं. तेव्हा आधी दोन्ही जाहिरातींचे स्क्रीनशॉट काढा, तारखेसकट. मग साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि विक्रेता 'बाहेरून थेट यूपीआय करा, देतो' म्हणाला तर अजिबात करू नका.