लंडनमध्ये बाहेर जेवायला कुठे जाता?

प्रेषक: अ. दे., हॅरो

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्याहून हॅरोला राहायला आलो आहोत, मंडळात नवीन आहोत. सध्या सासरेही आमच्याकडे आहेत. ते पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. नवरा सगळं खातो, मी मासे खाते. रविवारी बाहेर जायचं ठरलं की फोन उघडतो. तिथे सगळ्याच हॉटेलांना साडेचार तारे. मग गोंधळून जाऊन पुन्हा त्याच मॉलमधल्या चेनवाल्या ठिकाणी पिझ्झा खाऊन घरी येतो.

पुण्यात कुठल्या पेठेत काय खायचं हे सांगायला घरचे असतात, ऑफिसातले असतात. इथे तसं कोणी नाही. वेम्बलीला ईलिंग रोडवर जाऊन आलो, छान वाटलं, पण ढोकळा-डोसा घरीही होतो. आम्हाला हे शहर खाऊन बघायचंय. तीन तऱ्हेची माणसं एका टेबलावर पोटभर जेवतील अशी ठिकाणं तुम्ही कशी शोधता? हॉटेलांची नावं सांगा, पण शोधायचं कसं तेही सांगा.

प्रेषक: नाना, टूटिंग

अगं, प्रश्न फार चांगला विचारलास. सविस्तर लिहितो.

मी हॉटेल शोधत नाही, आधी भाजीवाला शोधतो. ज्या रस्त्यावर एखाद्या देशाची भाजी रोज ताजी येते, तिथे त्या देशाची माणसं राहतात. आणि ती माणसं राहतात तिथे त्यांच्यासाठी रांधणारं कोणीतरी असतंच. आमच्या टूटिंगला ब्रॉडवे स्टेशनातून बाहेर पडलीस की दुकानांपुढे कढीपत्त्याच्या जुड्या, शेवग्याच्या शेंगा आणि कच्ची केळी दिसतील. ती श्रीलंकेच्या तमिळ लोकांसाठी. श्रीलंकेतल्या १९८३ च्या तमिळविरोधी दंगलींनंतर ही मंडळी मोठ्या संख्येने लंडनला आली, त्यातली बरीच इकडे दक्षिणेला स्थिरावली. त्याच्या आधीपासून इथे केरळी जेवण मिळत होतं, हाय स्ट्रीटवरचं 'श्री कृष्णा' १९७३ चं आहे.

टूटिंगला आलात तर कोत्तु रोटी खा. ती कुठे मिळते हे विचारावं लागत नाही, कानाला कळतं. तव्यावर मैद्याच्या रोटीचे तुकडे, भाजी, अंडं, वर रस्सा, आणि दोन्ही हातांत धातूचे धारदार पत्रे धरून माणूस ते सगळं खटाखटा तोडत असतो. तो आवाज फुटपाथपर्यंत येतो. तुझ्या सासऱ्यांसाठी 'अंडं नको, भाजीचा रस्सा घाला' एवढं आधी सांगायचं. तवा पुसून वेगळी करून देतात. काउंटरच्या काचेत मटण रोल आणि फिश रोल मांडलेले असतात, ते नवऱ्यासाठी आणि तुझ्यासाठी. दुपारी बाराच्या सुमारास या, तेव्हा सगळं गरम असतं.

आणखी दोन गोष्टी बघतो. भिंतीवर त्यांच्या भाषेत काही चिकटवलेलं असेल तर ते काय आहे ते विचारतो, कारण छापील मेन्यूत नसलेले पदार्थ तिथेच असतात. आणि कामकरी माणसं दुपारी काय खातायत ते बघून तेच मागवतो.

एक मात्र कळकळीने सांगतो. आवडलेल्या ठिकाणी पुन्हा जा. स्ट्रँडवरचा इंडिया क्लब आठवतोय ना सगळ्यांना? १९५१ साली इंडिया लीगच्या, म्हणजे इथे राहून भारताच्या स्वातंत्र्यासाठी झटलेल्या संस्थेच्या लोकांनी काढलेला, कृष्ण मेनन त्यात होते. जिना चढून वर गेलं की साधी टेबलं, भिंतीवर जुन्या पुढाऱ्यांच्या तसबिरी, मसाला डोसा आणि मिरचीची भजी. जागामालकाला इमारतीचं नवं हॉटेल करायचं होतं. लोकांनी सह्या केल्या, वर्तमानपत्रांत लिहिलं, तरी १७ सप्टेंबर २०२३ ला तो बंद झाला. शेवटच्या आठवड्यांत दारात रांगा होत्या. त्या रांगा आधीच्या वर्षांतल्या मंगळवारी-बुधवारी हव्या होत्या असं मला अजून वाटतं. फिट्झरॉय स्क्वेअरच्या इंडियन वायएमसीएची खानावळ आहे. ती संस्था १९२० पासूनची. मध्य लंडनमध्ये काम असेल तेव्हा तिथे जेवा. ताट घ्या, रांगेत उभे राहा, विद्यार्थ्यांच्या शेजारी बसा.

प्रेषक: वि., फिन्सबरी पार्क

नानांचं भाजीवाल्याचं सूत्र आमच्याकडे तंतोतंत लागू पडतं. ट्रॅफल्गर स्क्वेअरला २९ नंबरची बस पकडा आणि मॅनर हाउस ओलांडून हॅरिंगेच्या ग्रीन लेन्सवर उतरा. दुकानांबाहेर लांब फिक्या हिरव्या मिरच्या, पार्सलीचे गठ्ठे, डाळिंबं, डब्यांतून ऑलिव्ह. तुर्की, कुर्दी आणि सायप्रसचे लोक. रस्ताभर कोळशाचा वास.

इथल्या 'ओजाकबाशी'त, म्हणजे निखाऱ्याच्या भट्टीवर मांस भाजणाऱ्या हॉटेलात, भट्टीच्या अगदी जवळ बसायला मागा. मांस यायच्या आधी गरम पाव आणि सॅलड बहुतेक ठिकाणी आपोआप येतं, त्याचे पैसे लावत नाहीत. आणि एक कांदा येतो. त्या कांद्यासाठी मी बस बदलून जाईन. निखाऱ्यावर सालासकट काळा होईपर्यंत भाजलेला, मग सोलून, पाकळ्या सुट्या करून डाळिंबाच्या घट्ट आंबटगोड रसात आणि सलगमच्या आंबवलेल्या पाण्यात भिजवलेला. पावाचा तुकडा त्यात बुडवायचा. शाकाहारी माणूस त्याच्यावर आणि मसूर डाळीच्या सूपवर आनंदात जेवतो. सूप मात्र कशाच्या पाण्यात केलंय ते विचारून घ्या, काही ठिकाणी मांसाचा स्टॉक असतो. 'हाला' नावाच्या हॉटेलच्या काचेमागे बायका बसून गोझ्लेमे, म्हणजे पातळ भरल्या पोळ्या लाटतात, पालक आणि चीज भरलेली. सासरेबुवांना लाटणं चालताना बघायलाच आवडेल.

किंग्सलंड रोडच्या व्हिएतनामी हॉटेलांत सासऱ्यांना नेऊ नका, निदान एकटं ऑर्डर द्यायला सोडू नका. भाजीच्या पदार्थातही माशाचं सॉस असतं. तुम्ही दोघं मात्र फो, म्हणजे त्यांचं नूडल्सचं सूप, खायला जरूर जा.

प्रेषक: माई, केंटिश टाउन

नाना, तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. भाजीवाला दिसेल तिथे हॉटेल, हे मोठ्या वस्त्यांना ठीक. आमच्या केंटिश टाउन आणि टफनेल पार्कला इथिओपिया-इरिट्रियाची हॉटेलं आहेत, पण ती एकेकटी, शेजारी इस्त्रीवाला नाहीतर सायकलचं दुकान. भाजी बघून ती तुम्हाला सापडणार नाहीत. तिथे वार बघावा लागतो.

इथिओपियाचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, शिवाय ईस्टरच्या आधीचे मोठे उपास. उपास म्हणजे मांस, अंडी, दूध, लोणी, तूप सगळं बंद. धान्य, डाळी आणि भाज्या चालतात. त्यामुळे त्यांच्याकडे शाकाहारी जेवण म्हणजे कोणासाठी तरी मांस काढून केलेली तडजोड नसते. ते त्यांचं स्वतःचं, पिढ्यांपिढ्या सुधारत आलेलं जेवण आहे. 'येत्सोम बेयायनेतु' म्हणून उपासाचं ताट मागायचं. बहुतेक ठिकाणी ते रोज मिळतं, पण बुधवारी-शुक्रवारी जास्त लोक तेच खातात म्हणून भांडी ताजी उतरलेली असतात.

मोठ्या गोल ताटात इंजेरा, म्हणजे आंबोळीसारखी मऊ पोळी, अंथरलेली येते. टेफ नावाच्या अगदी बारीक धान्याचं पीठ काही दिवस आंबवून करतात, वरच्या बाजूला बारीक बारीक डोळे पडलेले असतात. त्यावर ठिकठिकाणी वाढलेलं असतं: लाल मसूर बेरबेरे मसाल्यात शिजवलेली, पिवळी डाळ हळद घालून, परतलेली हिरवी पालेभाजी, कोबी-गाजर-बटाटा, बिटाची कोशिंबीर. आणि मध्यभागी शिरो. शिरो म्हणजे आपलं पिठलंच. हरभऱ्याचं पीठ, कांदा, लसूण, मसाला, तेल. छोट्या मातीच्या भांड्यात खदखदत टेबलावर येतं. माझ्या आईने ते पहिल्यांदा चाखलं तेव्हा चमचा खाली ठेवून स्वयंपाकघराकडे बघितलं आणि म्हणाली, 'कोण गं आहे आत?' मालकीणबाई बाहेर आल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी पिठात गुठळी होऊ नये म्हणून काय करायचं यावर हातवारे करून बराच वेळ बोलणं झालं.

जेवायचं हाताने, एकाच ताटातून, उजव्या हाताने. जवळच्या माणसाला घास भरवायची पद्धत आहे, त्याला गुर्शा म्हणतात. टेबलावरचा कोणी भरवला तर नाही म्हणू नका. ज्यांना गहू चालत नाही त्यांनी इंजेरा नुसत्या टेफची आहे का ते विचारावं, इथे बऱ्याच ठिकाणी दुसरं पीठही मिसळतात.

प्रेषक: स. कु., क्रॉयडन

मी व्यवहाराचं लिहितो, नव्यांना उपयोगी पडेल.

दारावर हिरवा-काळा स्टिकर असतो, ० ते ५ आकडा. ती स्वच्छतेची पाहणी, चवीची नाही. वेल्समध्ये २०१३ पासून तो लावणं सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये अजून नाही. म्हणून स्टिकर दिसला नाही तर फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या साइटवर नाव टाकून बघा. मी ३ च्या खाली जात नाही.

बिलात साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असतो आणि शेजारी 'ऐच्छिक' लिहिलेलं असतं. काढायला सांगितलं तर काढतात. पण मी देतो, कारण १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या कायद्याने ती रक्कम मालकाला स्वतःकडे ठेवता येत नाही, कामगारांतच वाटावी लागते. अनेक छोट्या हॉटेलांत हा चार्ज नसतोच, तिथे रोख टीप ठेवून या.

दारूचा परवाना असलेल्या ठिकाणी नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यावंच लागतं. बाटली घेऊ नका.

अॅलर्जी असेल तर निःसंकोच विचारा, १४ पदार्थांची माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे. पण मांसाचा स्टॉक आणि डुकराची चरबी त्या चौदांत येत नाहीत. तेव्हा 'मी शाकाहारी आहे' एवढ्यावर थांबू नका. सूप कशाचं, तळण कशात, हे दोन प्रश्न वेगळे विचारा.

प्रेषक: अ. दे., हॅरो

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्या मेल सासऱ्यांना वाचून दाखवल्या. नानांचं सूत्र त्यांनी इतकं मनावर घेतलं की शनिवारी आम्हाला ट्यूबमध्ये बसू दिलं नाही. म्हणाले, आधी आपल्या बाजूला बघू.

आमच्या बाजूला रोमानियाचे लोक भरपूर आहेत, हे रोज शेजाऱ्यांच्या बोलण्यातून ऐकू येत होतं, पण त्यांचं जेवण म्हणून कधी विचार केला नव्हता. बसने बर्न्ट ओकला गेलो. वॉटलिंग अॅव्हेन्यूवर त्यांची किराणा दुकानं आहेत, लोणच्याच्या मोठमोठ्या बरण्या आणि मक्याच्या पिठाची पाकिटं. एका दुकानात सासऱ्यांनी मला पुढे करून विचारायला लावलं की शाकाहारी माणसाने इथे काय खावं. काउंटरवरच्या बाई क्षणभर विचारात पडल्या आणि मग म्हणाल्या, 'दे पोस्त.' उपासाचं! माई, तुमची मेल नसती वाचली तर मला काही उमगलं नसतं. त्यांचेही ऑर्थोडॉक्स उपास, तसेच दूध-अंडी-मांस वर्ज्य. त्यांनी बाजूच्या हॉटेलात पाठवलं.

सासऱ्यांनी फासोले बातुता खाल्लं. पांढरा राजमा शिजवून लसूण घालून मऊ घोटलेला, वर तेलात खरपूस तळलेला कांदा. भाजलेल्या मिरच्या-वांग्यांचं झाकुस्का पावाला लावून खाल्लं. मग मामालिगा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत चुरलेलं चीज आणि आंबट साय. त्यांचा उपास नसल्यामुळे ही साय त्यांना चालली आणि दोनदा मागवली. नवऱ्याने कोबीच्या पानात गुंडाळलेले मांसाचे सारमाले घेतले. मला माशाचं काही मिळालं नाही, पण मामालिगा मीच संपवली.

शेजारच्या टेबलावर एक आजोबा नातवाला भरवत होते. निघताना ते सासऱ्यांना हात जोडून 'नमस्ते' म्हणाले. सासरे पुढच्या शनिवारीही तिथेच जाऊ म्हणतायत. मी म्हटलं, आधी माईंकडचं शिरो.

प्रेषक: नाना, टूटिंग

वा! हे बर्न्ट ओकचं मलाही माहीत नव्हतं, आता येतो. माई, तुमचं म्हणणं मान्य. भाजीवाला आणि वार, दोन्ही बघायचं. मंडळाचं या वेळचं जेवण हॉलवर केटरिंग मागवून करण्याऐवजी तुमच्याकडे करूया का?

प्रेषक: माई, केंटिश टाउन

करूया. मी आजच जाऊन मालकीणबाईंशी बोलून आले. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला टफनेल पार्क स्टेशनच्या बाहेर भेटू. हॉटेल छोटं आहे, आपल्याला आतली दोन मोठी टेबलं देतो म्हणाल्या, म्हणून सोमवार रात्रीपर्यंत माणसं किती ते कळवा. उपासाची ताटं किती, मांसाची किती, आणि नुसत्या टेफची इंजेरा कोणाला हवी, हे तिन्ही लिहा. टेफचं पीठ त्यांना आधी भिजवावं लागतं. लहान मुलांना बेरबेरे तिखट लागेल, त्यांच्यासाठी पिवळी डाळ जास्त करायला सांगितली आहे.

जेवणानंतर कॉफी आहे. कॉफीच्या बिया मालकीणबाई आपल्यासमोर भाजतात, धूर सगळ्यांना हुंगायला देतात आणि एकाच भांड्यातून तीन फेऱ्या होतात. त्याला तासभर सहज लागतो. लांब जाणाऱ्यांनी परतीची वेळ आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्यांना पहिल्या फेरीची कॉफी देता येईल.