थरांचा पेरोव्स्काइट सौर सेल: छोटा चालतो, ५ × ५ सेंमीचा का पडतो?

गंगापूररोड_लॅब: पेरोव्स्काइट (प्रकाश शोषणारा शिसं-आयोडाइडचा स्फटिक), त्याच्या थरांमध्ये ब्यूटिलअमोनियम स्पेसर (थर वेगळे ठेवणारा सेंद्रिय रेणू), एन = ४ (दोन स्पेसरमधल्या शिसं-आयोडाइड थरांची संख्या). स्पिन कोटिंगने (काच गरगरा फिरवून थर पसरवून) केलेला ०.१ चौ. सेंमीचा सेल ११ टक्के कार्यक्षमता देतो. तेच द्रावण ब्लेडने ५ × ५ सेंमी काचेवर ओढलं की ५ टक्के, फिल फॅक्टर (करंट-व्होल्टेज वक्र किती भरीव आहे त्याचं टक्क्यातलं माप) ७० वरून ४४. सेलच्या पट्ट्या २ सेंमी रुंद, आयटीओ (काचेवरचा पारदर्शक वाहक थर) १५ ओहम प्रति चौकोन. पावसाळा लागल्यापासून थर दुधाळही येतोय. आधी कशाला हात घालू?

सातपूरकर: पट्टीला. आयटीओतला तोटा = करंट घनता × शीट रोध × रुंदीचा वर्ग ÷ (३ × व्होल्टेज). दर चौ. सेंमीला १५ मिलिअँपिअर आणि ०.९ व्होल्ट धरा: २ सेंमीला जवळपास ३३ टक्के पॉवर तिथेच जळते, ५ मिमीला जेमतेम २ टक्के. लेझरने पी१, पी२, पी३ (अनुक्रमे आयटीओ, मधला थर आणि वरचा धातू कापणाऱ्या रेषा) कापून ५ मिमीच्या पट्ट्या सिरीजमध्ये जोडा. पी२च्या तळाशी थर उरला तर रोध तसाच राहतो, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली बघाच.

आडवा_उभा: हिशोब बरोबर, पण दुधाळ थराला पट्टी काय करणार? स्पेसरचे थर करंट अडवतात, म्हणून ते कपाटातल्या पुस्तकांसारखे उभे हवेत. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकाची मांडणी बघणाऱ्या चाचणीत) १४.२ आणि २८.४ अंशांना ठळक शिखरं हवीत; १० अंशांखाली शिखरं दिसली तर थर आडवे पडलेत. २०१६ मध्ये १२.५२ टक्के मिळाले ते गरम काचेवर द्रावण टाकूनच. हॉटप्लेटवरचा आकडा धरू नका, थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) काचेलाच लावा. ११०° सेल्सिअसपासून सुरुवात करा.

१ मिली द्रावणाला (०.८ मोलर शिसं): लेड आयोडाइड ३६९ मिग्रॅ, एमएआय (मिथाइलअमोनियम आयोडाइड) ९५, बीएआय (ब्यूटिलअमोनियम आयोडाइड) ८०. त्यात एमएसीएल (मिथाइलअमोनियम क्लोराइड) ११ मिग्रॅ टाकून बघा, स्फटिक सावकाश आणि मोठे वाढतात. काचेच्या बाजूने पीएल (प्रकाश पाडल्यावर थर स्वतः सोडतो त्या प्रकाशाचं मोजमाप) घ्या: ५७० किंवा ६१० नॅनोमीटरला शिखर आलं तर तळाशी कमी एनचे थर साचलेत.

गंगापूररोड_लॅब: ओलाव्याचं? खोलीत एसी आहे.

आडवा_उभा: नाशिकच्या जुलैत नुसत्या एसीवर भागत नाही. ब्लेडभोवती ॲक्रिलिकची पेटी करा, कोरडा नायट्रोजन सोडा, आत आर्द्रता ३० टक्क्यांखाली आल्याशिवाय ओढू नका. ब्लेडमागे नायट्रोजनचा सपाट झोत हवा, नाहीतर डीएमएसओ (द्रावणातलं द्रावक) रेंगाळतं (उत्कलनबिंदू १८९°) आणि कडा जाड होतात.

सातपूरकर: आणि मोजताना छिद्राचा मास्क (ठरावीक क्षेत्रफळावरच प्रकाश पडू देणारी अपारदर्शक चकती) लावा, नाहीतर ०.१ चौ. सेंमीचे ते ११ टक्केही फुगलेले निघतील. शिशाचं उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवून घातक कचऱ्यात द्या.