बकलाजवळचा पट्टा किती तासावा?

चामड्याच्या पट्ट्याचे बकलाभोवती दुमडायचे टोक सरसकट १ मिलिमीटर जाडी उरेपर्यंत तासावे, म्हणजे बकलापाशी जाडी दिसत नाही, असे या चर्चेत आधी सुचवले आहे. शेवटच्या कडेपुरते ते योग्य आहे, परंतु प्रत्यक्ष वळणावर इतके तासणे मला धोक्याचे वाटते. बकलाच्या काट्यासाठी आपण लांबट खाच पाडतो ती नेमकी वळणावरच असते, हा मुद्दा चर्चेत राहून गेला आहे. ३५ मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड पट्ट्यात ५ मिलिमीटरची खाच गेली, की ओढ सोसायला ३० मिलिमीटर रुंदीच उरते. तीही १ मिलिमीटर जाडीची केली, तर मूळ आडव्या छेदाच्या (रुंदी गुणिले जाडी) जेमतेम पाचव्या हिश्शावर सगळा भार येतो. माझा एक पट्टा असाच खाचेच्या टोकापासून फाटला होता.

तेव्हापासून मी वळणावर किमान अडीच मिलिमीटर जाडी राखतो आणि तिथून पुढे, आतल्या टोकाकडे, उतार देत नेतो. रापी (चामडे तासायची सुरी) नेहमी मांसल, म्हणजे आतल्या खरबरीत बाजूनेच चालवावी, कारण चामड्याचे घट्ट, बळकट तंतू वरच्या गुळगुळीत बाजूला असतात. वनस्पतिजन्य कमावणीचे चामडे दुमडण्यापूर्वी किंचित ओलसर केल्यास वळणावर तडे जात नाहीत.