जुळणी, साम्य की खूण? लेकरांच्या मूलपेशी प्रत्यारोपणाच्या माहितीपत्रकात अडलेला शब्द

गोदाकाठ, छत्रपती संभाजीनगर

थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांच्या पालकांसाठी मूलपेशी (स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून रक्तपेशी बनतात त्या पेशी) प्रत्यारोपणाबद्दल एक आठ पानी माहितीपत्रक मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि 'एचएलए मॅचिंग' (दात्याच्या आणि रुग्णाच्या पेशींवरची ओळख ठरवणारी प्रथिने जुळतात का, हे पाहणे) या शब्दापाशी मी चार दिवस अडून बसलो आहे. पहिल्या खर्ड्यात मी 'ऊतिजुळणी' असा शब्द योजला होता. तो खर्डा काही पालकांना वाचायला दिला, तेव्हा बीड जिल्ह्यातील एका आईने विचारले, "रक्त तर दर वेळी जुळवूनच चढवतात, मग ही आणखी कोणती जुळणी?" त्यांच्या लेकराला दर तीन आठवड्यांनी रक्त लागते आणि रक्तपेढीच्या खिडकीवर 'जुळवणी झाली का' हे शब्द त्या वर्षानुवर्षे ऐकत आल्या आहेत. मुलाचा रक्तगट ओ आणि थोरल्या मुलीचा बी असल्यामुळे दाता म्हणून मुलीचा उपयोग नाही, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते आणि दोन वर्षे तिची तपासणीच केली नव्हती.

वस्तुस्थिती वेगळी आहे. रक्तगट ठरवणारे जनुक नवव्या गुणसूत्रावर असते आणि एचएलएची जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात. दोन्हींचा वारसा स्वतंत्रपणे येतो, त्यामुळे रक्तगट निराळा असूनही भावंड पूर्ण जुळू शकते. प्रत्यारोपण यशस्वी झाले की मुलाचा रक्तगट पुढे दात्याचाच होतो. हे सगळे एका शब्दात यावे अशी माझी अपेक्षा नाही, पण निदान शब्दाने वाट चुकवू नये. 'ऊतिसाम्य', 'ऊतिमेळ' की आणखी काही?

शुद्धाक्षर, लातूर

माझे मत 'ऊतिसाम्य' या शब्दाच्या बाजूने आहे. शालेय विज्ञानाच्या पुस्तकांमुळे 'ऊती' हा शब्द प्रत्येक मुलाच्या परिचयाचा आहे आणि त्याची व्युत्पत्तीही सुरेख आहे. 'विणणे' या अर्थाच्या संस्कृत धातूपासून तो आला आणि 'ओतप्रोत' हा त्याचाच सगोत्र आहे. फ्रेंचमधून इंग्रजीत गेलेला 'टिश्यू' हा शब्दही मुळात विणलेल्या कापडाचाच आहे. इतका नेमका शब्द हाताशी असताना 'मॅच' कशासाठी लिहायचे? आपणच शब्द वापरले नाहीत, तर ते रूढ होणार तरी कसे?

साडीचा काठ, पैठण

आमच्या घरी तीन पिढ्या हातमाग आहे, म्हणून विणकामाचा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले. मागावर ताण्याचा धागा तुटला, तर तो सांधताना नवा धागा त्याच जाडीचा आणि त्याच पिळाचा घ्यावा लागतो. रंग एकच असून भागत नाही. पीळ उलटा पडला, तर कापड मागावरून उतरेपर्यंत काही कळत नाही आणि नंतर घडीत तेवढी एक रेघ उठून दिसते. म्हणून 'साम्य' मला अपुरे वाटते, कारण साम्य डोळ्यांना दिसते आणि पीळ दिसत नाही.

सिस्टर, जालना

पैठणच्या दादांनी नेमके बोट ठेवले. 'साम्य' लिहिलेत तर काय होईल, ते मी पाहिलेले आहे. एका आजीबाईंनी मला ठामपणे सांगितले होते की, थोरला नातू धाकट्यासारखा हुबेहूब दिसतो, तेव्हा त्याचेच घ्या. प्रत्यक्षात जुळली ती सावळी, उंच, बापाच्या वळणावर गेलेली मधली बहीण.

मुळात पालक 'मॅच' हाच शब्द वापरतात. "मॅच झालं का, सिस्टर?" हा प्रश्न मी आजवर जितक्या वेळा ऐकला, तितक्या वेळा 'ऊती' हा शब्द उच्चारलेलासुद्धा ऐकला नाही. खरी अडचण 'अर्धे जुळणे' इथे येते. साधारणपणे पाच जनुकांच्या प्रत्येकी दोन प्रती तपासतात, म्हणून १० पैकी १० म्हणजे पूर्ण जुळणी. आई आणि वडील प्रत्येकी एक संच देतात, त्यामुळे कोणतेही पालक आपल्या मुलाशी किमान अर्धे जुळतातच. एका वडिलांनी मला विचारले होते, "पत्रिकेत ३६ पैकी १८ गुण जमले तरी आपण लग्न लावतो, मग इथं १० पैकी ५ जमले, तर का थांबायचं?" दुसऱ्या घरी तोच ५ आकडा पाहून आई रडू लागली, कारण तिच्या लेखी तो नापासाचा निकाल होता. दोघांनाही समजवावे लागले की, अर्ध्या जुळणीवरही आता प्रत्यारोपण होते, मात्र त्याची पद्धत आणि नंतरची औषधे वेगळी असतात आणि धोक्यांचा हिशेबही वेगळा मांडावा लागतो. त्यासाठी 'हॅप्लो' हा शब्द आमच्याकडे सर्रास चालतो. त्याला मराठी शब्द कोणी सुचवेल का?

निवृत्त गुरुजी, परभणी

ताई, 'अर्धजुळणी' म्हणायला काय हरकत आहे? मात्र त्याआधी 'भावंड' या शब्दाकडे पाहावे, असे मला वाटते. इंग्रजी पत्रकात 'सिब्लिंग' असते आणि आपण 'भावंड' लिहितो. आपल्याकडे चुलत, आते, मामे, मावस ही सगळीच भावंडे असतात. माझ्या पुतणीच्या मुलाच्या वेळी 'भावंडांना घेऊन या' असा निरोप मिळाल्यावर घरातील अकरा पोरे दोन जीपमधून गेली होती, आणि त्यांत सख्खी बहीण एकच होती. तेव्हा 'सख्खे भावंड' असेच लिहावे. तरीही आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असल्यामुळे, अशा घरात लांबचे नातलगही जुळण्याची शक्यता वाढते, आणि त्यांची तपासणी करावी की नाही हे डॉक्टरच सांगतील.

'२५ टक्के शक्यता' हेसुद्धा जपून लिहा. चार मुलांपैकी एक जुळतेच, असा अर्थ लोक काढतात. प्रत्येक सख्ख्या भावंडाची शक्यता स्वतंत्रपणे चारात एक असते. तीन जुळली नाहीत, म्हणून चौथे जुळणारच असे नाही.

आता मूळ शब्दाबद्दल. 'एचएलए' म्हणजे 'ह्यूमन ल्युकोसाइट (श्वेतपेशी) अँटिजेन', या नावात ऊती कुठेच नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ ज्याँ दोसे यांनी या खुणा प्रथम श्वेतपेशींवर ओळखल्या, त्यांना १९८० चे नोबेल विभागून मिळाले, आणि नावातही श्वेतपेशीच राहिल्या. शरीराचे रक्षक पेशीच्या अंगावरची ही खूण पाहूनच आपले कोण आणि परके कोण ते ठरवतात. मराठीत यासाठी 'खूण पटणे' हा तयार वाक्प्रचार आहे. मग 'पेशींच्या खुणा जुळणे' असे का म्हणू नये?

शुद्धाक्षर, लातूर

गुरुजी, वाक्प्रचार सुंदर आहे, हे मी मान्य करतो. परंतु संमतिपत्रावर 'खूण' लिहिली, तर जन्मखूण समजणारेही निघतील. शास्त्रात संज्ञा एकाच अर्थाची हवी, आणि ती सुरुवातीला अनोळखी असली तरी चालते. 'मूलपेशी' हा शब्दही एकेकाळी अनोळखीच होता. आज तो दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे.

सिस्टर, जालना

'मूलपेशी' या शब्दाबद्दल तर मला स्वतंत्रच लिहायला हवे. 'मूलपेशी दाता' असे वाचून एका वडिलांनी 'मुलाच्या पेशी काढून घेणार' असा अर्थ लावला होता. आजारी लेकराच्याच पेशी काढणार, तर मग त्याच्यात उरणार काय, असा त्यांचा प्रश्न होता. त्यात त्यांची काहीही चूक नव्हती.

शुद्धाक्षर, लातूर

वंशाचे मूळ ते मूल, असे मला नेहमी वाटत आले आहे, त्यामुळे हा गोंधळ मला गोडच वाटतो. शिवाय मराठवाड्यात कोणी 'मूल' म्हणतच नाही, 'लेकरू' म्हणतात.

सिस्टर, जालना

बोलताना म्हणत नाहीत, सर, पण दवाखान्याच्या प्रत्येक कागदावर 'मुलाचे नाव' असेच छापलेले असते, आणि घाबरलेला माणूस कागदच वाचत असतो.

एक आई, नांदेड

माझ्या मुलाचे प्रत्यारोपण झाले असून तो आता शाळेत जातो. मला तुमच्या मूळ शब्दाबद्दल काही सांगता येणार नाही, पण मूलपेशी जिथून घेतात त्या 'अस्थिमज्जा' या शब्दाबद्दल सांगितल्यावाचून राहवत नाही. माझी मुलगी पूर्ण जुळली, तेव्हा घरच्यांनी तिला पाठवायला नकार दिला. कारण एवढेच होते की, पुस्तकात 'मज्जारज्जू' हा शब्द सगळ्यांनी वाचलेला होता. मज्जा काढणार म्हणजे पाठीच्या कण्यातून काढणार आणि पोरगी जन्माची लुळी होणार, असे सासूबाईंनी धरून ठेवले. पंधरा दिवस घरात चूल पेटली, पण कोणी नीट जेवले नाही. शेवटी एका परिचारिकेने मुलीला पालथे झोपवले, सासूबाईंचा हात हातात घेऊन कमरेच्या हाडावर मागच्या बाजूला ठेवला आणि सांगितले, "इथून घेतात, आजी. कणा तर हा इकडं वर राहिला." मुलीला भूल दिली होती. नंतर दोन-तीन दिवस कंबर दुखली आणि आठवड्याने ती पुन्हा दोरीवरच्या उड्या मारू लागली. तुम्ही कोणताही शब्द लिहा, पण त्याच्याजवळ कमरेच्या हाडाचे चित्र नक्की छापा.

मोसंबीची बाग, अंबड

ताईंचे वाचून घशात आवंढा आला. मी शेतकरी आहे. 'ट्रान्सप्लांट' हा शब्द ऐकला की मला कलम आठवते. आम्ही रंगपूर लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरतो. डोळा हिरवा राहिला आणि फुटला की कलम लागले. पेशी शरीरात जाऊन रुजतात, त्याला 'कलम लागणे' म्हटले तर कोणत्याही शेतकरी बापाला ते समजेल.

सिस्टर, जालना

भाऊ, 'रुजणे' तर आम्ही रोजच म्हणतो. पांढऱ्या पेशींतील न्यूट्रोफिल सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले की पेशी रुजल्या असे धरतात, आणि त्या दिवशी सगळा वॉर्ड आनंदात असतो. पण कलमाच्या उपमेत एक गोष्ट निसटते. इथे खुंट डोळ्याला नाकारू शकतो, तसा डोळाही खुंटावर उलटू शकतो. दात्याच्या पेशी मुलाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करतात. म्हणून तर खूण दोन्हीकडून पटावी लागते.

निवृत्त गुरुजी, परभणी

'दोन्हीकडून पटावी लागते' हे वाक्य जसेच्या तसे पत्रकात घ्या.

गोदाकाठ, छत्रपती संभाजीनगर

घेतो. सोमवारी पत्रक छापायला द्यायचे आहे. तूर्त मी 'पेशींच्या खुणांची जुळणी' असे लिहिले असून त्याखाली ठळक अक्षरांत 'ही रक्तगटाची जुळवणी नव्हे' अशी ओळ घातली आहे. 'सख्खे भावंड', 'अर्धजुळणी' आणि कमरेच्या हाडाचे चित्र घेतले आहे. 'अस्थिमज्जा' काढून 'हाडातील गाभा' लिहावे का, हे अजून ठरत नाही. बीडच्या त्या ताईंच्या मुलीचा गालाच्या आतला नमुना मात्र काल तपासणीला गेला.

शुद्धाक्षर, लातूर

'हाडातील गाभा' नको, ही विनंती. 'मज्जा' हा शब्द सोडला, तर उद्या तो फक्त मौजमजेच्या अर्थानेच उरेल. आणि अंबडच्या भाऊंना एक विचारायचे होते, तुमच्याकडे 'डोळा भरणे' म्हणतात की 'डोळा बांधणे'? आमच्या भागात मी दोन्ही ऐकले आहे.