काताकोलोला जहाज ८ तास थांबतं: ऑलिंपिया स्वतःच्या स्वतः करावं का?

सागरवेडी
जूनच्या दुसऱ्या आठवड्यात इटलीतून निघणारी क्रूझ घेतली आहे. ग्रीसमधल्या काताकोलो बंदराला जहाज सकाळी ८ ला लागतं आणि दुपारी ४ ला सुटतं. आम्ही पाच जण: सासू-सासरे सत्तरीचे (चालतात, पण गुडघ्यांचा त्रास आहे), आम्ही दोघं आणि ११ वर्षांची लेक. जहाजाच्या सहलीत प्राचीन ऑलिंपियाचं स्थळ आहे, म्युझियम नाही, आणि पाच जणांचे पैसे बरेच होतात. ट्रेन, बस, टॅक्सी यातलं काय घ्यावं? एवढ्या वेळात म्युझियमही होतं का? उन्हाचं काय करायचं?

धक्क्यावरून
ताई, होतं. पण आधी परतीची वेळ पक्की करा आणि तिथून उलटं मोजत या.

जहाज ४ ला सुटणार म्हणजे आत येण्याची शेवटची वेळ बहुतेक ३:३० असेल. आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकावर ती छापलेली असते. तुम्ही २:१५ ला धक्क्यावर हवं, म्हणजे सव्वा तास हाताशी राहतो. ऑलिंपिया ते काताकोलो रस्ता ३५-४० किलोमीटर, पाऊण तास लागतो. म्हणून १:३० ला ऑलिंपिया सोडायचं. सकाळी जहाजातून उतरून गाडीत बसेपर्यंत ८:४५, पोचायला ९:३०. हातात चार तास राहिले: दोन स्थळाला, सव्वा म्युझियमला, पाऊण जेवणाला. काताकोलोला जहाज थेट धक्क्याला लागतं, छोट्या बोटीतून उतरावं लागत नाही, त्यामुळे सकाळचा वेळ वाचतो.

आता वाहन.

टॅक्सी: ग्रीसमध्ये साध्या टॅक्सीत चारच प्रवासी बसवतात. लहान मूल मांडीवर घेऊन पाचवा बसवू म्हटलं तरी चालक तयार होत नाही, तो नियमच आहे. तुम्हाला व्हॅन लागेल आणि ती धक्क्यावर ऐनवेळी मिळेलच असं नाही, आधी ठरवून ठेवा. भाव माणशी की गाडीचा, थांबण्याचे तास किती, परत कुठल्या फाटकाशी भेटायचं, हे लिहून घ्या. सगळे पैसे परत आल्यावर द्या.

बस: धक्क्याबाहेर खासगी बसवाले जाण्या-येण्याचं तिकीट विकतात. एकट्यादुकट्याला हा सर्वांत स्वस्त मार्ग. मात्र काही बसची परतीची वेळ अशी असते की ऑलिंपियात अडीच तासच मिळतात आणि म्युझियम बुडतं. पैसे देण्याआधी परतीची वेळ विचारा.

ट्रेन: काताकोलो-पिर्गोस (ऑलिंपियाच्या वाटेवरचं शहर) हा लोहमार्ग १८८३ चा, ग्रीसमधल्या अगदी सुरुवातीच्या मार्गांपैकी. या भागातले काळे मनुके बंदरावर आणायला तो टाकला. स्टेशन धक्क्यापासून चालत काही मिनिटांवर आहे आणि गाडी ऑलिंपियाला पाऊण तासात पोचवते. अडचण एकच, दिवसाला मोजक्याच गाड्या, आणि मध्येमध्ये सेवा बंदही असते. परतीची एक गाडी चुकली तर पुढची जहाज गेल्यावर येऊ शकते. आदल्या दिवशी वेळापत्रक बघितल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका.

सर्वांत जास्त घोळ होतो घड्याळाचा. ग्रीस इटलीच्या एक तास पुढे आहे. बरीच जहाजं रात्रीत घड्याळ पुढे करतात, काही जहाजाची जुनी वेळच चालू ठेवतात. मोबाईल किनाऱ्याची वेळ धरतो, मनगटावरचं घड्याळ कालचीच दाखवतं. जहाज ग्रीक वेळेवर आणि मनगट इटलीच्या वेळेवर असेल तर तुम्ही नेमके एक तास उशिरा पोचता. उतरताना दारावरच्या कर्मचाऱ्याला विचारा: ‘आत्ता जहाजावर किती वाजलेत?’ ट्रेन आणि स्थळाचं तिकीट मात्र नेहमी स्थानिक वेळेनेच.

जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, स्वतः गेलेल्यांसाठी थांबत नाही. तो सव्वा तास राखायचा तो यासाठीच.

जुने_दगड
वरचं वेळेचं गणित बरोबर आहे. तिकीट मोठ्यांना २० युरो, त्यातच स्थळ आणि म्युझियम दोन्ही येतात. ग्रीक सांस्कृतिक खात्याच्या अधिकृत साइटवर आधी काढून ठेवा, म्हणजे खिडकीपुढची रांग टळते. एकाच वेळी दोन जहाजं लागली तर ती रांग बरीच लांबते.

आत शिरल्यावर बहुतेक गट सरळ स्टेडियमकडे जातात. तुम्ही उजव्या अंगाने जा: व्यायामशाळा, मग पॅलेस्ट्रा म्हणजे कुस्तीचं अंगण, त्यापुढे प्राचीन शिल्पकार फिडियासची कार्यशाळा. तिथे ज्या विटांच्या भिंती दिसतात त्या नंतरच्या चर्चच्या, खालचा भाग मूळचा. ग्रीकांचा मुख्य देव झ्यूस, त्याची सुमारे १२ मीटर उंच, सोन्या-हस्तिदंताची मूर्ती इथे घडली. मूर्तीच्या वस्त्रांसाठीचे मातीचे साचे इथेच सापडले. आणि एक छोटा काळा पेला, ज्याच्या बुडावर कोरलंय ‘मी फिडियासचा आहे’. तो म्युझियममध्ये आहे, लेकीला आधीच सांगून ठेवा, ती शोधेल.

मग झ्यूसचं मंदिर. इ.स.पू. ४५६ च्या सुमारास पूर्ण झालं. आज एकच खांब उभा दिसतो, तोही २००४ मध्ये पुन्हा रचलेला. बाकीचे सहाव्या शतकातल्या भूकंपांत पडले, आणि पडले ते ओळीने. खांबाच्या चकत्या कापलेल्या काकडीसारख्या एकीवर एक रेललेल्या आहेत. एखाद्या चकतीजवळ वाकून बघा: दगडात शिंपले दिसतील. हा इथलाच शिंपल्यांचा चुनखडक. त्यावर पांढरा गिलावा होता, म्हणून लांबून संगमरवर वाटे. दगडांवर चढू नका, रखवालदार लगेच शिट्टी मारतात.

तिथून स्टेडियमकडे जाताना कमानीच्या आधी डाव्या हाताला दगडी चौथऱ्यांची रांग लागते. त्यांवर झ्यूसच्या ब्राँझच्या मूर्ती होत्या, फसवणूक करणाऱ्या खेळाडूंच्या दंडातून उभारलेल्या. पहिला दंड इ.स.पू. ३८८ चा: थेसलीच्या एका मुष्टियोद्ध्याने प्रतिस्पर्ध्यांना लाच दिली होती. मैदानात उतरायच्या तोंडाशीच हा इशारा! ११ वर्षांच्या मुलीला हे सगळ्यांत जास्त लक्षात राहील.

स्टेडियममध्ये धावायला मनाई नाही. दोन्ही टोकांना दगडी रेघ आहे, तिच्यात पायाची बोटं रुतवायला दोन खाचा. अंतर १९२.२७ मीटर. परत येताना झ्यूसची बायको हेरा, तिचं मंदिर, त्याच्यासमोर ऑलिंपिक ज्योत पेटवतात ती जागा, आणि बाहेर पडण्याआधी मॅसिडोनियाचा राजा फिलिप (सिकंदराचा बाप) याने बांधायला घेतलेली गोल वास्तू.

सावलीतला
स्थळ आधी हे बरोबर, पण आजी-आजोबांसाठी थोडा बदल सुचवतो. जमीन जवळपास सपाट आहे, पण खडी आणि उंचसखल दगड आहेत, त्यामुळे गुडघ्याला त्रास होतो तो उन्हाने नव्हे, पाय वाकडा पडून. बंद बूट हवेत आणि एक काठी. मंदिरांच्या भागात झाडं आहेत. स्टेडियममध्ये सावली अजिबात नाही. त्यांनी कमानीतून डोकावून परत सावलीत बसावं, तोवर तुम्ही लेकीला पळवून आणा.

ऊन ११ नंतर चढतं, तेव्हा म्युझियममध्ये शिरा. ते स्थळापासून चालत काही मिनिटांवर आहे, आत गार असतं आणि स्वच्छतागृहही आहे. ते वगळू नका. मंदिरात जे नाही ते तिथे आहे: दोन्ही दर्शनी त्रिकोणांतली शिल्पं, हेराक्लिसच्या बारा पराक्रमांचे पट, शिल्पकार पायोनियोसने घडवलेली विजयदेवता नाइकी, आणि १८७७ मध्ये हेराच्या मंदिरात सापडलेला हर्मिस देवाचा पुतळा. नद्यांच्या पुरांचा गाळ मीटर-मीटर साचला म्हणून हे वाचलं. वेळ कमी पडला तर मधलं दालन आणि हर्मिस बघा, बाकी सोडा. मूर्तींपुढे पोझ देऊन फोटो काढू देत नाहीत, फ्लॅशही नाही.

माणशी दीड लिटर पाणी घ्या. उष्णतेची लाट असेल तर ग्रीसमधली स्थळं दुपारी काही तास बंद ठेवतात, म्हणूनही सकाळच हवी.

सागरवेडी
खूप आभार. व्हॅन ठरवते. दोन शंका: सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत. आणि पासपोर्ट जहाजवाले ठेवून घेतात असं ऐकलं, मग उतरायचं कसं?

धक्क्यावरून
हो, व्हिसा लागणाऱ्या देशांच्या प्रवाशांचे पासपोर्ट बरीच जहाजं स्वतःकडे ठेवतात. उतरताना जहाजाचं कार्ड पुरतं. सोबत पासपोर्टची आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स ठेवा. याच फेरीत तुर्कस्तान किंवा माँटेनेग्रोचं बंदर असेल तर शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा, कारण तिथे जहाज शेंगेनबाहेर जाऊन परत येतं. एकच प्रवेश छापला असेल तर अडकाल, तेव्हा व्हिसाचं पान आजच बघा.

जेवण गावातल्या मुख्य रस्त्यावर, म्युझियमपासून चालत. स्पानाकोपिता म्हणजे पालक आणि फेटा चीज घातलेली पापुद्र्यांची पाई, त्यात बहुधा अंडं असतं, विचारून घ्या. गिगांतेस म्हणजे टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे, आणि फावा म्हणजे वाटलेली पिवळी डाळ. तिला आपल्या साध्या वरणाची चव लागते, सासूबाईंना चालेल. वर कांदा आणि ऑलिव्ह तेल घालतात, कांदा नको असेल तर आधी सांगा. ऑर्डर १२:५० पर्यंत द्या, कारण दुपारी गटांच्या बस आल्या की स्वयंपाकघर मंदावतं.