गावपातळीवर आत्महत्या रोखण्यासाठी गट करायचाय, सुरुवात कुठून करावी?

कोरडवाहू_यवतमाळ
नमस्कार मंडळी. गाव साडेतीनशे उंबऱ्यांचं, कापूस-सोयाबीनचं. तरुण मंडळ, दोन बचत गट, आशाताई आणि पोलीस पाटील असे दहा-बारा जण तयार आहेत. सध्या ठरलंय ते असं: ग्रामसभेत तज्ज्ञाचं व्याख्यान, चौकात हेल्पलाइनचा फलक आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांची यादी करून त्यांच्यावर लक्ष. पैसा नाहीच म्हणा. यातलं काय ठेवावं, काय टाकावं? घरोघरी फवारणीचं औषध पडलेलं असतं त्याचं काय करायचं? आणि एखाद्याला विचारायचं तरी कसं?

समुपदेशक_अमरावती
भाऊ, फलक ठेवा, व्याख्यान जमलं तर ठेवा, यादी मात्र आजच फाडा. गावात अशी यादी आठवडाभरही गुप्त राहत नाही. एकदा ती फुटली की सोयरिकी अडतात, दुकानदार उधारी बंद करतो आणि ज्याला मदत हवी तोच तुमच्यापासून तोंड लपवतो. शिवाय ती यादी चुकीच्या माणसांची होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ चे आकडे पाहा: देशात १,७०,९२४ आत्महत्या, त्यात शेती क्षेत्रातल्या ११,२९०. नोंदवलेल्या कारणांत कौटुंबिक प्रश्न ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के आणि कर्ज किंवा दिवाळखोरी ४.१ टक्के. पोलिसांच्या नोंदीत एकच कारण लिहिलं जातं, प्रत्यक्षात चार गोष्टी एकात एक गुंतलेल्या असतात, हे मान्य. तरी सासरी त्रास होणारी सून, जुनाट दुखण्याने टेकीला आलेला म्हातारा, दहावी-बारावीचा निकाल लागलेली पोरं आणि रोजंदारीवाला तुमच्या यादीत येणारच नाहीत.

हाताशी दहा माणसं असतील तर पहिलं लक्ष एकाच ठिकाणी द्या: प्रयत्न करून, वाचून, दवाखान्यातून घरी आलेला माणूस. पुढचा धोका सगळ्यात जास्त त्यालाच असतो आणि गाव नेमकं त्याच्याशीच बोलणं टाळतं. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई, कोलंबोसह पाच ठिकाणी १,८६७ जणांवर केलेला अभ्यास आहे, २००८ साली प्रसिद्ध झालेला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याशिवाय सुटी होताना तासभर समजावणं आणि नंतर ९ भेटी किंवा फोन. १८ महिन्यांनी आत्महत्येने झालेले मृत्यू पहिल्या गटात २.२ टक्के, दुसऱ्यात ०.२ टक्के. भेटींचं वेळापत्रक तुम्हाला जसंच्या तसं वापरता येईल: पहिला, दुसरा, चौथा, सातवा आणि अकरावा आठवडा, मग चौथा, सहावा, बारावा आणि अठरावा महिना. सुरुवातीच्या भेटी जवळजवळ आहेत, कारण पहिले तीन महिने नाजूक.

भेट दहा-पंधरा मिनिटांची पुरे. झोप, जेवण, गोळ्या चालू आहेत का, दारू, अडकलेलं काम (बँक, कोर्ट, माहेर-सासर) आणि शेवटी थेट तो प्रश्न. एका माणसामागे दोनच जण नेमा, म्हणजे एक परगावी गेला तरी भेट चुकत नाही. वहीत नाव नको, खूण लिहा आणि वही आशाताईंच्या घरी कुलपात. हे गाडं सगळीकडे एकाच जागी अडतं: तिसऱ्या भेटीला माणूस म्हणतो “आता बरं आहे, कशाला येता”, आणि भेटी थांबतात. थांबवू नका. बरं असेल तर शेतीपाण्याचं बोला, पण जा.

आता विचारायचं कसं. “तुझ्या डोक्यात तसलं काही नाही ना?” असं विचारलंत की उत्तर “नाही”च येणार, कारण तुम्हाला तेच ऐकायचंय हे त्याला कळतं. पायरीपायरीने जा: “फार थकल्यासारखा दिसतोस, झोप लागते का?” मग “एवढ्या त्रासात कधी वाटतं का, की झोपलो ते उठूच नये?” आणि होकार आला तर सरळ: “जीव द्यायचे विचार येतात का? कसं करायचं हेही ठरवलंय का? आज-उद्या काही करशील अशी भीती वाटते का?” एवढं विचारून गप्प बसा. मधला शांतपणा भरायला लेकराबाळांचा दाखला देऊ नका. त्याला आधीच आपण घरावर ओझं वाटत असतो, त्यात तुम्ही भर घालता.

कृषी_सेवक
औषधाबद्दल लिहितो, कारण यात चांगल्या हेतूने पैसे वाया जातात. घरोघरी कुलपाची पेटी वाटायची कल्पना सगळ्यांना आधी सुचते. श्रीलंकेत १८० गावांत याची मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०१७ साली आले: पेट्यांमुळे आत्महत्या कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. विचार केला तर उघड आहे. किल्ली घरातच, खुंटीला, आणि धोका असलेला माणूस बहुधा घरचाच. त्याच श्रीलंकेत १९९५ नंतर अतिविषारी औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि आत्महत्येचं प्रमाण दोन दशकांत सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. बंदी ग्रामसभेच्या हातात नाही, पण औषध घरापासून लांब ठेवणं आहे.

तामिळनाडूत दोन गावांत सामायिक साठवणूक खोलीचा प्रयोग झाला. शेतकऱ्याला स्वतःचा कप्पा, खोलीवर राखणदार. असं करायचं तर जागा शाळा, अंगणवाडी आणि विहिरीपासून दूर हवी, पक्की फरशी, वर जाळीची खिडकी, पाणी न शिरणारी. बाहेर हातपाय धुवायला पाणी आणि साबण. दोन कुलपं, दोन किल्ल्या, त्यातली एकही औषधाच्या मालकाच्या घरी नाही. नोंदवहीत काय ठेवलं, काय नेलं, किती परत आलं.

मोडतं कुठे? फवारणी पहाटे सुरू होते आणि खोली नऊला उघडते. मग दोन दिवसांत लोक औषध घरीच ठेवायला लागतात. हंगामात पहाटे साडेपाचला खोली उघडणारा माणूस मिळत नसेल तर खोलीच्या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे उरवायचंच नाही. कृषी सहायकाकडून एकरी मात्रा काढून घ्या, तेवढंच आणा, चार भाऊबंदांनी मिळून आणलं तर उरलेलं वाटून संपतं. लिटरची बाटली स्वस्त पडते म्हणून आणली जाते आणि अर्धी वर्षभर फळीवर राहते. खरा साठा तो. संशय असलेल्या घरातून मात्र त्याच दिवशी बाटल्या, दोर आणि जादा गोळ्या दुसऱ्याच्या घरी हलवा. “शेजाऱ्याला फवारायचंय” असं खोटं नको, सांगून न्या.

कोरडवाहू_यवतमाळ
फार उपयोगी. यादी रद्द. दोन शंका. असं थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येणार नाही का? आणि पोलीस पाटील म्हणतात केस होईल, म्हणून लोक दवाखान्यात नेण्याआधी दहा वेळा विचार करतात.

समुपदेशक_अमरावती
विचारल्याने विचार पेरला जात नाही, हे अनेक अभ्यासांत तपासून झालंय. उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारल्याचं हायसं वाटतं. “कुणाला सांगणार नाही” असं वचन मात्र देऊ नका. “तुझ्या जिवापुरतं ज्याला सांगावं लागेल त्यालाच सांगेन” म्हणा.

ग्रामीण_रुग्णालय
पाटलांना सांगा, कायदा बदललाय. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५: प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला नाही, शिक्षा नाही, आणि उपचार-पुनर्वसनाची जबाबदारी सरकारची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही. कलम २२६ आहे, पण ते सरकारी नोकराला कामात अडवण्यासाठी किंवा दबावासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं. दवाखान्यात एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची) नोंद होईल, पोलीस जबाब घ्यायला येतील. घाबरायचं कारण नाही. खासगी डॉक्टर “पोलीस केस आहे, पुढे न्या” म्हणाले तर १९८९ चा परमानंद कटारा खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा: तातडीचे उपचार आधी, कागद नंतर.

औषध पोटात गेल्याचा संशय असेल तर १०८ लावा, आणि गाडीला वेळ लागणार असेल तर गावातली जीप. मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका, दूध-तूप नको. उलटी श्वासनळीत गेली तर तेच जिवावर बेततं. डाव्या कुशीवर झोपवा, भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, हातात मोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी घाला. बाटली किंवा तिचं लेबल सोबत आणा, पुढचे उपचार त्यावर ठरतात. आणि एक: रुग्ण बोलायला लागला, चहा मागितला, म्हणून सही करून घरी नेऊ नका. फवारणीच्या काही औषधांचा परिणाम काही दिवसांनी उलटतो. सुटी डॉक्टर देतील तेव्हाच, आणि निघण्याआधी मानसिक आरोग्याची तपासणी मागून घ्या, ती आपणहून होईलच असं नाही.

समुपदेशक_अमरावती
फलकावर १४४१६ लिहा. टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, २०२२ पासून चालू, मोफत, चोवीस तास, मराठीतही. पण नंबर हातात देऊन मोकळे होऊ नका. आपल्याच फोनवरून, त्याच्या शेजारी बसून लावा, भाषा निवडून द्या आणि मग उठून अंगणात बसा. धोका आत्ताचा असेल तर हेल्पलाइन नाही, ११२ किंवा १०८, आणि माणसाला एक मिनिट एकटं सोडायचं नाही.

त्याच्यासोबत एक कागद करा, त्याच्याच शब्दांत. मन बिघडायला लागल्याची खूण काय (“जेवण जात नाही, मोटारीवर एकटा बसून राहतो”), तेव्हा स्वतः काय करायचं, कुणाकडे किंवा कुठे जाऊन बसायचं, कुणाला सांगायचं, दवाखाना आणि १४४१६, आणि घरातून काय हलवायचं. तुम्ही लिहून दिलेला छान कागद निरुपयोगी. “मंदिरात जातो” हे तो म्हणाला तरच लिहा.

उपचारासाठी जवळचं आयुष्मान आरोग्य मंदिर (सरकारी आरोग्य केंद्र), तिथले समुदाय आरोग्य अधिकारी, मग जिल्हा सामान्य रुग्णालयातला मानसोपचार विभाग. गोळ्या आठवडाभराच्याच घ्या आणि घरातल्या दुसऱ्या कुणी सांभाळा. असर दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, त्याआधी “फरक नाही” म्हणून सोडणारे फार. गावातल्या माणसांनी हे जमतं का, अशी शंका असेल तर: आमच्या जिल्ह्यात ‘विश्राम’ उपक्रमात ३० गावांत प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी घरोघरी काम केलं आणि नैराश्य असलेल्यांत मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

बचतगट_सीआरपी
एवढं करूनही एखादा गेलाच, तर तेव्हाचं काम आधीच ठरवून ठेवा. व्हॉट्सअॅपवर प्रेताचा फोटो, चिठ्ठी, कसं केलं याचं वर्णन गटचालकाने लगेच काढायचं. “कर्जापायी बळी”, “सुटला बिचारा” असे फ्लेक्स लावायचे नाहीत. तसल्याच कात्रीत सापडलेला दुसरा माणूस ते वाचतो. पहिल्या दोन दिवसांत कुणाकडे जायचं ते पाहा: विधवा आणि मुलं तर आहेतच, पण ज्याने प्रथम पाहिलं तो, जिवलग मित्र, आणि आदल्या दिवशी ज्याचं भांडण झालं तो सगळ्यात एकटा पडतो.

कागदांचं कुणीतरी एकानेच बघावं. शेतकरी आत्महत्येची १ लाखाची सरकारी मदत पात्र ठरलेल्यांनाच मिळते. जमीन कुटुंबाच्या नावावर असणं, थकीत कर्ज आणि वसुलीचा तगादा पाहिला जातो. बायकोचं नाव सातबाऱ्यावर नसेल तर वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे लवकर द्या, सासरच्यांशी बोलणी चांगली आहेत तोवर. आणि अपात्र ठरलं तर तिला कारण लेखी मागायला सांगा, तोंडी “बसत नाही” वर परत येऊ देऊ नका.